आमची तीव्र हरकत आहे

उल्हासनगरात माणूस आधी बॅरेक नंबरने ओळखला जातो, नाव नंतर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा दिली गेली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी पायाभरणी करून गावाला उल्हासनगर हे नाव दिलं. पुढे बहुतेक बराकी गेल्या, त्यांच्या जागी मजल्यावर मजले चढले, पण नंबर जागचा हलला नाही. गॅसवाला, पोस्टमन, लग्नाच्या पत्रिका वाटायला आलेले दूरचे काका, सगळे त्याच नंबरावर येतात. आम्ही कॅम्प चारचे. बॅरेक नंबर, रूम नंबर, सेक्शन, कॅम्प हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

तेव्हा विकास आराखड्यावरच्या हरकतीत ‘सिटी सर्व्हे नंबर’ या शब्दांपुढे मी कोणता नंबर लिहिला असेल, हे सुज्ञ वाचकाने आत्ताच ओळखलं असेल. मला ते कळायला सुनावणीचा दिवस उजाडावा लागला.

2017 साली जो आराखडा मंजूर झाला, त्याचं प्रारूप लोकांपुढे आलं तेव्हाची ही गोष्ट. आराखडा या वस्तूबद्दल मला तोवर एवढंच ठाऊक होतं की तो रखडतो. उल्हासनगरचा आधीचा आराखडा होता 1974 चा. म्हणजे दोन मंजुऱ्यांमध्ये 43 वर्षं. तेवढ्यात गावाची वस्ती पाच लाखांवर गेली आणि जमीन राहिली तीच, जेमतेम 13 चौरस किलोमीटर. माणसं आडवी पसरू शकत नव्हती, ती उभी वाढली. उभं वाढताना परवानगी घ्यायचं काहींच्या ध्यानात राहिलं नाही. मग उच्च न्यायालयात 855 इमारतींचं प्रकरण गाजलं, हातोडे पडले, आणि 2006 साली बांधकामं नियमित करण्यासाठी फक्त उल्हासनगरापुरता एक कायदा झाला. बाकीच्या गावांना स्वतःचा गणपती असतो, ग्रामदैवत असतं. आम्हाला स्वतःचा कायदा आहे.

अशा गावात नकाशाकडे कोणी नकाशा म्हणून बघत नाही. गल्लीत गुंडाळी घेतलेला माणूस दिसला तरी त्याच्यामागे जेसीबी आहे का, हे बायका आधी बघतात. त्यात रिंगरोडची आवई उठलेली. चहाच्या टपरीवर रोज त्या रोडची रुंदी वाढत होती. सकाळी साठ फुटी असलेला रस्ता रात्रीपर्यंत दीडशे फुटांचा व्हायचा.

मी नकाशे बघायला गेलो तेव्हा भिंतीपुढे एकादशीला पंढरपुरात असते तशी गर्दी होती. प्रत्येकाचं बोट काचेवरून सरकत आपलं घर शोधत होतं. मीही पुढच्याच्या बगलेतून मोबाईल घालून दोन-चार फोटो काढले आणि घरी येऊन ते मोठे करून पाहिले. नाला सापडला, चक्की सापडली, देऊळ सापडलं. मग आमची चाळ सापडली, आणि पोटात गोळा आला. एक जाड काळी रेषा आमच्या स्वयंपाकघरातून आरपार गेली होती. हॉल या बाजूला, ओटा त्या बाजूला.

त्याच आठवड्यात ओट्याला ग्रॅनाइट बसवायचं ठरलं होतं. गवंड्याला आगाऊ पैसे गेले होते. मी काम थांबवलं. “जिथून उद्या ट्रक जाणार तिथे ग्रॅनाइट कशाला?” असं म्हणालो.

सौभाग्यवतींनी चष्मा लावून फोटो निरखला. “अहो, पण ही रेषा पुढे जाऊन काटकोनात वळलीय. चारही बाजूंनी फिरून परत इथेच आलीय.”

“म्हणून तर त्याला रिंगरोड म्हणतात,” मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या संसारात त्या गप्प बसल्या की मी जिंकलो असं मी धरून चालतो. या समजुतीने माझं आजवर बरंच नुकसान केलं आहे.

मग मी कायदा वाचला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. कलम 26 सांगतं की प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या. कलम 28 सांगतं की नियोजन समितीने हरकतदारांचं ऐकून घ्यायचं. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शिवाय बाहेरचे जाणकार, जास्तीत जास्त चार. दोनच कलमं, पण ती पाठ झाल्यावर मी गल्लीतून चालू लागलो तो वकिलासारखा. शेजारचे दादा मला ‘साईं’ म्हणायचे, ते ‘वकीलसाहेब’ म्हणू लागले.

हरकत लिहायला बसलो आणि माझ्यातला लेखक जागा झाला. वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं लिहून हात साफ होताच. ‘आमच्या घरावरून रस्ता नेऊ नये’ एवढंच लिहायचं होतं. पण इतकी सपाट वाक्यं लिहायला काय माझी गरज होती? मी ‘रस्ता’ हा शब्दच टाळला. कुठे ‘हा अमानुष प्रस्ताव’ लिहिलं, कुठे ‘विकासाचा वरवंटा’, कुठे नुसतंच ‘हे संकट’. ‘यामुळे लहान मुले उघड्यावर येतील’, ‘वृद्धांची शांती कायमची भंग पावेल’, ‘आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या उरावरून हे जाणार आहे’ अशी एकापेक्षा एक वाक्यं झाली. शेवटी ‘आमची तीव्र, अत्यंत तीव्र हरकत आहे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. आणि सर्वांत वर, सुवाच्य अक्षरात, बॅरेक नंबर.

झेरॉक्स काढल्या. घरोघर सह्या घेतल्या. शेजारच्या दादांनी पत्र वाचायला मागितलं नाही. “आप ने लिखा है तो बराबर ही होगा,” म्हणाले आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्या करून दिल्या, दुबईला असलेल्या जावयाचीसुद्धा. गल्लीत क्रिकेट खेळणारी कार्टी, ज्यांनी माझ्या खिडकीची काच कितीदा तरी फोडली आहे, त्यांच्यातल्या अठरा पूर्ण झालेल्यांच्या सह्या मी बॅट काढून घेऊन मिळवल्या. सही केल्यावर बॅट परत.

सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बाहेर बाकांवर आपापले कागद छातीशी धरून माणसं बसली होती. कायद्यात शब्द आहेत ‘हरकती आणि सूचना’. त्या दालनात मला एकही सूचना भेटली नाही. जो तो सांगायला आला होता की दवाखाना हवाच, शाळा हवीच, रस्ता तर हवाच हवा, पण आमच्या जागेवर नको. ज्याची जागा जाणार त्याच्याकडे कागद असतो, वकील असतो, वेळ असतो. ज्या पोराला पुढे त्या शाळेत जायचं असतं त्याला असली सुनावणी असते याचा पत्ताही नसतो. हे मी तेव्हा मोठ्या समजूतदारपणे शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांचाही कागद छातीशीच होता.

माझा नंबर पुकारला गेला. आत गेलो तर माझ्याबरोबर आणखी तिघे आत आले. एक जाडजूड अंगठ्या घातलेले गृहस्थ, एक वकील आणि एक वास्तुविशारद. मला वाटलं चुकून आले. टेबलापलीकडून खुलासा झाला की एकाच मिळकतीवरच्या हरकती एकत्र ऐकतात.

“ही तुमचीच मिळकत का?” मला विचारलं.

“पिढ्यान्‌पिढ्यांची,” मी म्हणालो.

अंगठीवाल्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मिळकत त्यांची होती.

मग माझं पत्र वाचलं गेलं. वाचणारे कर्मचारी भले होते. एकही शब्द न गाळता, ठळक उच्चारात त्यांनी सगळं वाचलं. लहान मुलं उघड्यावर आली. वृद्धांची शांती भंगली. वरवंटा फिरला. समितीतले एक जाणकार बराच वेळ नकाशा आणि पत्र आळीपाळीने बघत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“मैदान उरावरून कसं जाईल हो?”

“कसलं मैदान?”

“खेळाचं. या सिटी सर्व्हे नंबरवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. तुमचा विरोध त्यालाच आहे ना? तीव्र, अत्यंत तीव्र?”

बॅरेक नंबर आमचा होता. त्याच आकड्याचा सिटी सर्व्हे नंबर दुसरीकडे, एका मोकळ्या तुकड्याचा होता. तेरा चौरस किलोमीटरांत मोकळा तुकडा म्हणजे चमत्कारच, आणि त्या चमत्काराविरुद्ध मी अख्खी गल्ली उभी केली होती. क्रिकेटवाल्या कार्ट्यांनी स्वतःच्या मैदानाविरुद्ध सह्या केल्या होत्या, त्याही बॅटीच्या बदल्यात.

मी तोंड उघडायच्या आत अंगठीवाल्यांच्या वकिलांनी संधी साधली. “साहेब, आम्ही तर मालक, आमचा विरोध असणारच. पण आजूबाजूच्या रहिवाशांचाही मैदानाला विरोध आहे, हे या सह्यांवरून सिद्ध होतं. मुलांनाही नकोय.” अंगठीवाल्यांनी मला हात जोडले. “आप जैसे जागरूक नागरिक आजकल मिलते कहाँ हैं?” माझ्या लिखाणाचं इतकं मनापासून कौतुक त्याआधी आणि त्यानंतर कोणीही केलेलं नाही.

मी घाम पुसत खरं काय ते सांगितलं. मोबाईलमधला फोटो दाखवला, स्वयंपाकघरातून गेलेली रेषा दाखवली. नकाशा काढणाऱ्या खात्यातला एक तरुण वाकून बघू लागला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

“काका, ही शीटची हद्द आहे. नकाशा मोठा असतो ना, त्याचे तुकडे करतात. तुमचं घर बरोबर दोन शीटच्या सांध्यावर आलंय. हॉल या शीटमध्ये आणि किचन पुढच्या.”

“म्हणून ती चारही बाजूंनी—”

“चौकट आहे काका.”

घरी कोणाला तरी हे दोन आठवड्यांपूर्वी दिसलं होतं.

हरकत मागे घ्यायची म्हणजे तीही लेखीच. मला कागद दिला. मी सुरुवात केली, ‘क्रीडांगणे ही शहराची फुप्फुसे असून...’ पहिलं पान भरलं, दुसरं मागितलं. जाणकार म्हणाले, “एका ओळीत द्या.” दिलं. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव लेखन, ज्यात शासनाला काहीही शंका आली नाही.

पुढे काही दिवस मी जगातल्या थोरामोठ्यांच्या चुका शोधून मन रमवलं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 साली 87 हजार हरकती आल्या होत्या. त्यातले काही तरी माझ्यासारखे असणारच. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा तर 2015 साली इतक्या चुकांचा निघाला की सरकारला तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावं लागलं. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं. वालधुनीच्या काठावर ते बांधलं तेव्हा कोणी हरकत घेतल्याचा शिलालेख नाही. हे सगळं मी बदलापूरच्या मेहुण्याला ऐकवलं. त्याला त्याच्या गावचा भारी अभिमान. “आमचा आणि अंबरनाथचा आराखडा एमएमआरडीएने केलाय, तुमच्यासारखा नाही,” असं तो म्हणायचा. मी त्याला उल्हास नदीची आठवण दिली. तिने जुलै 2005 मध्ये मुदत, नमुना, सर्व्हे नंबर काहीही न बघता बदलापुरात हरकत नोंदवली होती. 27 जुलै 2019 ला ती पुन्हा सुनावणीला आली आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून बसली. हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले. तेव्हापासून मेहुणा पूररेषा या विषयावर माझ्याइतकाच नम्र झाला आहे.

गल्लीत मात्र वेगळंच घडलं. मी सुनावणीहून आलो तेव्हा सगळे वाट बघत होते. “क्या हुआ वकीलसाहेब?” मी खरं तेच सांगितलं, की आपल्या घरांवरून काही जात नाही. एवढं पुरलं. गणपतीत मंडळाने शाल, श्रीफळ देऊन माझा सत्कार केला, ‘रस्ता रोखणारा माणूस’ म्हणून. क्रिकेटवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. परत करायची तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि लेखीच द्यावं लागलं असतं. ग्रॅनाइट बसलं, पण भाव वाढल्यावर. तो फरक माझ्या खिशातून गेला. ओट्याशी उभं राहून सौभाग्यवती अजूनही पाहुण्यांना सांगतात, “आमचं किचन पुढच्या शीटमध्ये आहे.”

या सत्काराचा परिणाम असा की आजही कॅम्पातले लोक हरकत लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. तुम्हीही या. आराखडा असो, पूररेषा असो, नाहीतर शेजाऱ्याचा पत्रा असो, मी फुकट लिहून देईन, भाषेची जबाबदारी माझी. ‘रस्ता’ हा शब्द वापरायलाही मी आता तयार आहे. फक्त सिटी सर्व्हे नंबर आणि शीट नंबर भूमी अभिलेखातून तुम्ही स्वतः काढून आणा, आणि माझ्या हातात द्यायच्या आधी घरातल्या कोणाला तरी दाखवा.