सध्या रटगर्सला

रटगर्स विद्यापीठाचा रंग लाल. सप्टेंबर उजाडला की न्यू ब्रन्झविक गावात लाल टीशर्ट, लाल टोप्या आणि लाल बाटल्यांना ऊत येतो. नव्या मुलांच्या आयासुद्धा गाडीच्या मागच्या काचेवर विद्यापीठाचं स्टिकर लावून ओक ट्री रोडला कोथिंबीर आणायला जातात. या सगळ्या लाल धामधुमीत एखादा मुलगा कोरा करडा स्वेटशर्ट घालून कडेकडेनं चाललेला दिसला, तर त्याला नीट बघून ठेवा. तो इथं शिकतो, जेवतो, झोपतो. पण मनानं इथला नाही. तो ट्रान्स्फरवाला.

त्याचं पाळण्यातलं नाव काहीही असो, वडील चारचौघांत त्याला ‘आमचे चिरंजीव’ म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. “आमचे चिरंजीव सध्या रटगर्सला असतात,” हे वाक्य ते अशा सुरात उच्चारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं चिरंजीव तिथं पाहणीसाठी गेलेत, अहवाल दिला की परत येतील.

मूळ दुखणं बारावीतलं. मार्चच्या अखेरीला एका संध्याकाळी आयव्ही लीगमधल्या आठही विद्यापीठांचे निकाल एकदमच लागतात. त्या संध्याकाळी चिरंजीवांना जिथं जिथं अर्ज केला होता तिथून तिथून अत्यंत सभ्य भाषेत नकार आला. रटगर्सनं मात्र आनंदानं घेतलं, आणि तेच रटगर्सचं चुकलं. तसं ते काही कोपऱ्यावरचं कॉलेज नव्हे. 1766 सालची संस्था, म्हणजे अमेरिका हा देश जन्माला यायच्या दहा वर्षं आधीची. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली तिथल्याच प्रयोगशाळेत सापडलं, आणि चिरंजीवांच्या वडलांचे सख्खे मामा मिरजेच्या सॅनेटोरियममधून स्वतःच्या पायांनी घरी आले ते त्याच औषधामुळं. पण न्यू ब्रन्झविक त्यांच्या एडिसनच्या घरापासून गाडीनं एक स्टेशन. ज्या कॉलेजातून मुलगा दर शनिवारी धुणं घेऊन घरी येतो ते कॉलेज जगात नावाजलेलं असेल, यावर कुठल्याही आईबापांचा विश्वास बसत नाही.

वडील वीजेटीआयचे. त्यांच्या काळी कॉलेजात एकदा शिरलं की बाहेर पडायच्या वाटा दोनच, डिग्री किंवा कावीळ. आयआयटीत तर आजही दुसऱ्या वर्षाला बाहेरून येऊन बसायची सोय नाही. जेईई ॲडव्हान्स्ड दोनदा द्या, नाही जमलं तर गप्प बसा. त्यामुळं अमेरिकेतल्या विद्यापीठांना बदलीचं, म्हणजे ट्रान्स्फरचं, मागचंही एक दार असतं हे ज्या रात्री त्यांना कळलं, त्या रात्री ते झोपले नाहीत. सकाळी त्यांच्याकडे थोर पुरुषांची यादी तयार होती. ओबामा आधी ऑक्सिडेंटल कॉलेजात, 1981 साली कोलंबियाला गेले. ट्रम्प फोर्डमला दोन वर्षं काढून व्हार्टनला. मस्क कॅनडातल्या क्वीन्समधून पेनसिल्व्हेनियाला. केनेडींनी प्रिन्स्टनला सुरुवात केली आणि आजारपणानंतर हार्वर्ड गाठलं. ही यादी वडील मराठी मंडळाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत सांगत होते. कुणीतरी आगाऊपणानं म्हणालं, “वॉरन बफे उलटा गेला ना? व्हार्टन सोडून नेब्रास्काला?” वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणूनच त्याला पुढं हार्वर्ड बिझनेस स्कूलनं घेतलं नाही.” बफेंचं त्यावाचून काही अडलं नाही, हे बोलायची हिंमत दुधाच्या पातेल्याभोवती कुणालाच झाली नाही.

मागचं दार असतं हे खरं, पण ते किती उघडतं हा वेगळा प्रश्न. कुणी सोडून गेलं तर जागा होणार, आणि हार्वर्ड सोडून जातो कोण? 2008 साली तर हार्वर्डनं राहायला जागा नाही म्हणून, मुलांचे अर्ज येऊन पडल्यावर, दोन वर्षांसाठी हे दार लावूनच घेतलं होतं. प्रिन्स्टननं 1990 पासून बदलीनं एकही विद्यार्थी घेतला नव्हता. 2018 साली पुन्हा सुरुवात केली तेव्हा 1,429 अर्जांतून 13 जणांना बोलावलं. हा आकडा ऐकून तुमच्या-माझ्यासारखा माणूस नाद सोडून देईल. चिरंजीवांचे वडील म्हणाले, “म्हणजे घेतात!”

मग त्यांनी खालचा बारीक मजकूर वाचला. प्रिन्स्टनला यात प्राधान्य कुणाला? कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांना, लष्करात नोकरी केलेल्यांना आणि बेताच्या उत्पन्नाच्या घरातल्यांना. स्वतःचा पगार चांगला असल्याचं मनापासून दुःख झालेला मराठी माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. एडिसनमध्येच मिडलसेक्स हे कम्युनिटी कॉलेज आहे. त्याच्या पार्किंगमध्ये त्यांनी चिरंजीवांना गाडी शिकवली होती. “तेव्हाच आत नेऊन बसवायला हवं होतं,” असं ते हल्ली तिथून जाताना म्हणतात. क्युपर्टिनोच्या मेहुणीचा मुलगा तसाच गेला. डी अँझा कॉलेजात दोन वर्षं काढली आणि सरळ बर्कलीला. कॅलिफोर्नियात 1960 पासून तो राजमार्गच आहे, त्यात लपवाछपवी नाही आणि कुणी नाकही मुरडत नाही. पण दोन वर्षांपूर्वी याच मेहुणीची कीव करून झालेली असल्यामुळं आता तिला फोन करून माहिती विचारायची सोय उरली नव्हती.

उरलं कॉर्नेल. आयव्हीमध्ये बदलीनं मुलं घेण्यात त्यांचाच हात मोकळा. त्यातही कृषी महाविद्यालयाचा जास्त, हे वडलांनी शोधून काढलं. चिरंजीव तोवर कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. डिसेंबरच्या एका रविवारी नाश्ता होईपर्यंत त्यांना शेतीची ओढ लागली.

अर्जाची खरी गंमत पुढं आहे. इथं सांगायचं असतं की मला हे कॉलेज का सोडायचंय. पण त्याला नावं ठेवलीत तर तुम्ही कुरकुरे ठरता. फार वाखाणलंत तर मग जाता कशाला? मार्क उत्तम हवेत, म्हणजे इथं तुमचं बरं चाललंय हे सिद्ध झालं. आणि जे सोडायचं तिथल्याच प्राध्यापकांची शिफारस हवी. पहिल्या सासऱ्याकडून दुसऱ्या लग्नासाठी चांगल्या वागणुकीचा दाखला आणण्यातला हा प्रकार. वर बारावीची गुणपत्रिका पुन्हा मागतात ती वेगळीच. ज्या बारावीपासून पळायचं, ती पुन्हा पाकिटात घालून पाठवायची, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी फी भरायची.

मी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहितो, या एका गुन्ह्यासाठी फेब्रुवारीत मला त्यांच्याकडे निबंध तपासायला बोलावलं. वहिनींनी थालीपीठं लावली होती. चिरंजीव लॅपटॉप घेऊन समोर. पहिल्या खर्ड्यात एका कँपसहून दुसऱ्या कँपसला जाणारी बस, चारशे मुलांचा वर्ग आणि रूममेटचे मोजे, एवढीच कारणं होती. मला तो खर्डा आवडला. त्यात खोटं काही नव्हतं. वडलांनी तो बाजूला सारला. “काका, दुसरा वाचा,” चिरंजीव म्हणाले. दुसऱ्यात रटगर्सची इतकी स्तुती होती की वाचून मलाच तिथं नाव घालावंसं वाटलं. तिसरा खर्डा वडलांचा. त्याची सुरुवात अशी, की माझं बालपण तासगावात आजोबांच्या द्राक्षबागेत, वेलींच्या सावलीत गेलं.

“अरे, तू तिथं दोन दिवस होतास,” वहिनी तव्यावरून म्हणाल्या, “आणि दोन्ही दिवस जुलाब.”

“अनुभव किती दिवसांचा ते विचारत नाहीत, किती खोल ते विचारतात,” वडील म्हणाले.

“खोल होताच,” वहिनी म्हणाल्या. चिरंजीव घास गिळून थालीपीठाला भोक का पाडतात हे पहिल्यांदाच बघत असल्यासारखं ताटाकडे बघत बसले.

ती बाग 1998 साली, म्हणजे चिरंजीव जन्मायच्या आधीच विकलेली. तो पाहुणचार नव्या मालकाच्या घरचा. मी हे काढलं नाही. थालीपीठ खाल्ल्यावर माणूस मिंधा होतो.

शेतीची ओढ कागदावर दिसायला काहीतरी केलंही पाहिजे होतं. आणि इथंच गाडी अडली, कारण रटगर्स हेच मुळात न्यू जर्सीचं शेतकी विद्यापीठ! त्यांचा कुक कँपस म्हणजे शेतं, गोठे आणि हरितगृहं. 1934 साली त्यांनी काढलेला ‘रटगर्स’ जातीचा टोमॅटो अजून लोक हौसेनं लावतात. चिरंजीवांनी तिथं वनस्पतिशास्त्राचा एक विषय घेतला, पहिल्या बाकावर बसले, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला दर आठवड्याला जाऊन मुळांना होणाऱ्या बुरशीबद्दल शंका विचारू लागले. महिनाभरानं शिफारसपत्राचा विषय काढला. प्राध्यापक सज्जन. म्हणाले, देतो की. आणि मग अगदी सहज विचारलं, “पण शेतीच शिकायची आहे तर ती इथं आहेच, नाही का?”

या प्रश्नाचं उत्तर चिरंजीवांकडे नव्हतं. वडलांकडे होतं, पण ते प्राध्यापकांना सांगण्यासारखं नव्हतं. ते पेनसिल्व्हेनियाला गेलेल्या शेजाऱ्यांच्या मुलीशी निगडित होतं. मुलीचे वडील कचऱ्याचा डबा बाहेर काढतानासुद्धा पेन विद्यापीठाची टोपी घालतात.

मिडटर्म रिपोर्टचा तर वेगळाच तमाशा. चालू विषयांत सध्या किती मार्क पडतायत हे प्रत्येक शिक्षकाकडून लिहून, सही घेऊन आणायचं, आणि तेही परीक्षेचा पत्ता नसताना. चारशेच्या वर्गातल्या कॅल्क्युलसच्या बाईंनी यांच्याकडे चष्म्यावरून बघून विचारलं, “तू माझ्या वर्गात आहेस?” आहे म्हणाल्यावर त्यांनी पहिल्या चाचणीचे मार्क लिहिले, सही केली, आणि शुभेच्छा दिल्या त्या पुढच्या चाचणीसाठी.

एक मात्र मान्य करायला हवं. या अर्जापायी चिरंजीवांनी त्या वर्षी जेवढं कॉलेज केलं तेवढं लाल टीशर्टवाल्यांतल्या कुणी केलं नाही. पहाटे हरितगृहात पाणी घातलं, मार्क टिकवले, विद्यार्थ्यांच्या बागेत वाफे खणले, आणि बागेचा चिटणीस व्हायला कुणी तयार नसल्यामुळं चिटणीसही झाले. फक्त यातलं काहीही स्वतःसाठी करतोय असं त्यांनी स्वतःला एकदाही कळू दिलं नाही. बागेतली मुलं रात्री पिझ्झा खायला निघाली की हे खोलीवर परतायचे, कारण मेनंतर जी भेटणार नाहीत त्यांच्याशी दोस्ती कशाला? हा मुलगा बुद्धीनं तल्लख आणि स्वभावानं गोड आहे. पण अठराव्या वर्षी रोज रात्री एकटं परतायची सवय लागणं मला बरं वाटलं नाही, आणि यात त्याच्यापेक्षा आम्हा मोठ्यांचा हात जास्त. आम्हीच त्याला दर भेटीत “मग, पुढं काय?” विचारत होतो. आता काय, हे कुणी विचारलं नाही.

तरीही एक मार्चला प्रिन्स्टन आणि हार्वर्डचेही अर्ज गेले, पंधराला कॉर्नेलचा. मेमध्ये पहिल्या दोघांनी नेहमीच्या सभ्यपणानं नाही म्हटलं. न्यू ब्रन्झविकमधल्या एका जुन्या रटगर्सकरानं चिरंजीवांच्या वडलांचं सांत्वन केलं, “अहो, 6 नोव्हेंबर 1869 ला अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉलचा सामना झाला, त्यात आम्ही प्रिन्स्टनला 6-4 नं हरवलंय.” पुढच्याच आठवड्यात प्रिन्स्टननं 8-0 नं वचपा काढला, हे वडलांनी घरी येऊन शोधून काढलं आणि त्यांना बरं वाटलं.

कॉर्नेलनं घेतलं. पेढे वाटले. वडलांच्या वाक्यातून ‘सध्या’ गेलं, ‘कृषी’ मात्र आलं नाही, ते म्हणतात, “लाइफ सायन्सेसला.” मग क्रेडिटांचा हिशेब आला. रटगर्सचे कॉम्प्युटरचे काही विषय तिथं धरले, काही नुसते मोकळे विषय म्हणून धरले, काही धरलेच नाहीत. वडलांनी एक्सेलची नवी शीट उघडली आहे. एक सत्र वाढणार असं दिसतंय, आणि त्या सत्राची फी बघून त्यांनी पुन्हा एकदा मिडलसेक्स कॉलेजच्या पार्किंगची आठवण काढली.

तेव्हा या डिसेंबरच्या सुट्टीत कॉर्नेलच्या गावच्या, इथाकाच्या बर्फातून चिरंजीव घरी येतील आणि मंडळाच्या कार्यक्रमात तुम्हाला भेटतील. त्यांना ‘कितव्या वर्षाला?’ हे कृपा करून विचारू नका. त्याचं उत्तर विद्यापीठालाही अजून देता आलेलं नाही. ‘पुढं काय?’ तर मुळीच विचारू नका, वडलांच्या डोळ्यांत लगेच स्टॅनफर्ड चमकतं. विचारायचंच तर द्राक्षांच्या छाटणीबद्दल विचारा. तिथल्या फिंगर लेक्सच्या बागांत वर्षातून एकदाच, थंडीत वेल झोपलेला असताना छाटतात, आणि तासगावला एप्रिलची खरड छाटणी वेगळी नि ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी, हे ते तुम्हाला हातवारे करून अर्धा तास सांगतील. हे त्यांना वडलांनी शिकवलेलं नाही.