हुंकार

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवरण करताना श्रवणाला पहिले स्थान दिले ते ती सर्वांत सोपी म्हणून, अशी माझी तीस वर्षे समजूत होती. आणि ज्या सरकारी कचेरीत फिर्यादी ऐकण्याच्या जागेवर माझी नेमणूक होती, तेथे ती समजूत बदलण्याचा प्रसंगही कधी आला नाही. समोरचा मनुष्य बांधाच्या तंट्याची हकिकत सांगू लागला, की त्याच्या दुसऱ्याच वाक्याला माझ्या मनात 'अर्ज दप्तरी दाखल' हा शेरा तयार होत असे, आणि उरलेला वेळ मी मान हलवीत काढीत असे.

निवृत्तीनंतर बंगळुरास, कोरमंगलेत, मुलाकडे राहावयास आलो तेव्हा कळले, की हे मान हलविण्याचे काम येथे पदवी घेऊन करतात. आमच्या सूनबाई समुपदेशक आहेत. रोज सहा-सात माणसांचे दुःख प्रत्येकी पाऊण तास ऐकून, ऐंशी फुटी रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढीत ती घरी येते, आणि मी गुडघ्याचा विषय काढला की म्हणते, "बाबा, आजचे कान संपले." परीक्षितीच्या श्रवणाची थोरवी गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्याला वक्ता एकच होता आणि मुदत अवघी सात दिवसांची होती. चक्रव्यूहाचे वर्णन ऐकता ऐकता सुभद्रेचा डोळा लागला, या कथेवर तर सूनबाईंचा अभिप्राय असा, की तिची ती दिवसातली सातवी भेट असावी.

कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 साली लक्षपूर्वक ऐकण्यावर एक पुस्तिकाच लिहिली, हेही मला तिच्याकडूनच समजले. "तुम्ही ऐकत नाही, बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आपली पाळी यायची वाट बघता."

हा आरोप खोडून काढण्यासाठी मी एक संपूर्ण दिवस श्रवणास वाहिला. सकाळी नऊपर्यंत शेजाऱ्यांच्या पित्तावर आवळा, दूधवाल्याच्या मुलाला वाणिज्य शाखा आणि खुद्द चिरंजीवांना गृहकर्जाची लवकर परतफेड, असे तीन सल्ले माझ्या हातून निसटले. सायंकाळी हताश होऊन बागेतल्या बाकावर बसलो, तो शेजारी एक वृद्ध कन्नड गृहस्थ येऊन बोलू लागले.

मला कन्नड येत नाही, आणि तेथेच माझे दैव उघडले. कारण ज्या भाषेत सल्ला देता येत नाही, त्या भाषेत मनुष्य ऐकेल नाही तर करील काय? 'हौदा?' म्हणजे 'असं का?', एवढी माझी पुंजी होती. आपल्याकडे हौदा हत्तीच्या पाठीवर असतो; त्या दिवशी त्याने मला तासभर वाहून नेले. मधूनमधून 'अर्जी', 'तकरारु', 'वकील', 'दाखले' असे ओळखीचे चेहरे भेटत. फार्शी दप्तरांनी हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच पेरून ठेवले आहेत. 1638 नंतर शहाजीराजे बंगळुरास राहिले तेव्हा त्यांच्या कारकुनांनाही यांचा आधार वाटला असेल. आजोबांनी छत्रीच्या टोकाने मातीत एक चौकोन काढला, त्याच्या मधोमध रेघ ओढली, आणि बराच वेळ तिच्याकडे पाहून ती चपलेने पुसून टाकली. तीस वर्षांत बांधाची इतकी चांगली हकिकत मी ऐकली नव्हती. शेवटी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून काही विचारले, आणि तेच ते 'हौदा' म्हणण्याचा संकोच वाटून, लिफ्टवाल्याकडून उचललेला दुसरा शब्द मी वापरला : 'हौदु'.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते कागदांचे बाड आणि धाकटे बंधू यांना घेऊन दारात हजर झाले. सूनबाईंनी दोन मिनिटे त्यांचे ऐकून घेतले.

"बाबा, तुम्ही पंच व्हायला कबूल झाला आहात."

"मी नुसता 'हौदु' म्हणालो."

"तेच ते. हौदु म्हणजे हो."

तिने चार कप कॉफी आणली आणि आज आपली सुट्टी आहे, असे सांगून ती आत निघून गेली. दोघे भाऊ माझ्या दोन बाजूंना बसले. धाकट्याने सुरुवात केली, आणि त्याच्या दुसऱ्याच वाक्याला, जुन्या सवयीने, माझ्या मनात शेरा तयार झाला. परंतु तो कन्नडमध्ये सांगता येईना, सबब मी ऐकत राहिलो.