पत्रा तर सरळच आहे

जीपच्या पत्र्याला वळण नाही, आणि आमच्या सगळ्या संकटांचं मूळ तेच. अँबॅसिडरचं मडगार्ड कुजलं तर शहाणा माणूस मुकाट्याने गॅरेज गाठतो, कारण ती गोलाई घरी जमणार नाही हे त्याला दिसतं. जीपकडे पाहून मात्र शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याची पेटी केलेल्या प्रत्येकाला वाटतं, यात काय आहे? आमच्या गल्लीत अशा पेट्या सगळ्यांनीच केलेल्या आहेत.

दोष अमेरिकन लष्कराच्या घाईचा. १९४० साली त्यांनी पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला आणि बँटम नावाच्या लहानशा कंपनीने तो उभाही केला. एवढ्या मुदतीत गाडीचे गाल गोल करत बसायला कुणाला सवड असणार? पुढे विलीज आणि फोर्ड यांनी महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर जीपा काढल्या, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जोडायला घेतली. आमची सीजे-३बी त्याच घराण्यातली, १९७४ची. हिचं बॉनेट थोरल्या बहिणींपेक्षा उंच, कारण हिच्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर गेले आणि इंजिनाची उंची वाढली. त्यावर कारखान्याने केलं काय, तर बॉनेट तेवढंच वर उचललं. वाढत्या पोराच्या चड्डीला शिंप्याने खालून पट्टी जोडावी, तसं.

गाडी आणली रत्नागिरीकडून. सोलापुरात लोखंड सहसा गंजत नाही. इथे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. माणसांची तहान भागवून लोखंडापर्यंत ते पोचणार कधी? कोकणातून आलेली जीप मात्र खालून चाळण झालेली होती. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, टाकीखाली खोलगट पत्रा, आणि त्यात वर्षानुवर्षं साचलेला चिखल. पायाशी मॅट उचलली की थेट होटगी रोड दिसायचा. सौभाग्यवती एकदाच बसली आणि म्हणाली, "अहो, पाय कुठे ठेवू? रस्त्यावर?"

त्यातच कुणीतरी कानावर घातलं, की २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि मिरवणुका, प्रदर्शनं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती सोडून ती रोजच्या वापराला काढायची नाही. म्हणजे मंडईतून मेथी आणायची झाली तर मेथीचं प्रदर्शन भरवावं लागणार. शिवाय आमच्या जीपचं मूळ रूप रत्नागिरी ते सोलापूर रस्त्यावर भुकटी होऊन थोडं थोडं सांडलेलं. तो नाद मी सोडला. साधी एमएच-१३ बरी.

कुणी म्हणालं, हरियाणातल्या मंडी डबवालीला जीपच्या अख्ख्या बॉडीच मिळतात, मागवून टाका. पण अख्खी बॉडी बदलली तर जुनं म्हणून उरतं काय? मी एमआयडीसीतून १८ गेजचा पत्रा वाकवून आणला आणि एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक मिस्त्री अंगणात आणले. अंगण म्हणजे गल्लीच. सोलापुरात मे महिन्यात घरात बसून कोण राहतं?

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी काहीच कापलं नाही. टेप घेऊन बॉडीचे कर्ण मोजले, दोन्ही बाजूंना आडवे अँगल वेल्ड करून टाकले. जुना पत्रा काढल्यावर सांगाडा तिरपा होऊ नये म्हणून हे. गल्लीला ते पटलं नाही. "काय बे, तोडायचंय का बांधायचंय?" असा प्रश्न कट्ट्यावरून आला. समोरच्या आजींनी "एन माडाकत्तीरि?" म्हणून विचारलं, मी मराठीत उत्तर दिलं, त्या कानडीत हसल्या. पलीकडच्या यंत्रमागवाल्या काकांनी तेलुगूत घरात काहीतरी सांगितलं. आतूनही हसू आलं. एकाच पत्र्यावर तीन भाषांतून हसण्याची सोय सोलापूरशिवाय कुठे मिळेल?

बॅटरीची वायर काढली. पेट्रोलची टाकी उतरवून लांब, गल्लीतल्या नानांच्या मोकळ्या गच्चीवर ठेवली, आणि त्या क्षणापासून नाना स्वतःला जीपचे भागीदार समजू लागले. टाकी त्यांच्याकडे, म्हणजे मत त्यांचं. ते खुर्ची घेऊनच यायचे.

आपलं पहिलं मत त्यांनी वेल्डिंगवर दिलं. मिस्त्री एका टोकाला एक टाका मारत, मग हातभर अंतरावर दुसरा, मग सरळ उठून बिडी ओढत. पत्रा पातळ, निवू द्यावा लागतो. एका दमात रेघ ओढली तर उष्णतेने तो फुगतो आणि जन्मभर टक्-टक् वाजत राहतो. नानांना ही शुद्ध कामचुकारी वाटली. "एकसलग मारा की ओ," ते म्हणत, "बिडीचे पैसे वेगळे लावताय काय?"

मग एक जण जुन्या कूलरचा पत्रा घेऊन आला, फुकट. सोलापुरात घरटी एक मेलेला कूलर असतो. मिस्त्रींनी त्याला हातही लावला नाही: वर जस्ताचा मुलामा आहे, जाळला की धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणणाऱ्याला ते लागलं. "आमच्या कूलरनं आजवर कुणाला ताप आणला नाही," असं म्हणून तो पत्रा घेऊन गेला, आणि त्याने आमच्याशी बोलणंच सोडलं.

जिवंत कूलरांचीही तक्रार होतीच. वेल्डिंग मशीन सुरू झालं की गल्लीभरचे पंखे धापा टाकू लागत, आणि टीव्हीवरच्या सासवा ऐन भांडणात अंधूक होत. शेवटी सकाळी दहाच्या आत काम उरकायचं असा तह झाला. तशी नंतर पत्र्याला हात लावायची सोयही नव्हती. पाणी येण्याचा दिवस तर अख्खा सुट्टीचा. ग्राइंडरसाठी ओढलेल्या वायरीच्या शेजारून बायका मोटारीची नळी ओढत, आणि मिस्त्री बादल्यांची रांग सांभाळत.

आडोशाला बांधलेल्या आमच्या सोलापुरी चादरीला ठिणग्यांनी नवीन नक्षी आली. ती चादर पंचवीस वर्षं टिकते हे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे. आता फक्त "टिकते" एवढंच सांगतो.

सर्वात मोठं भांडण लांबीवरून. एका तरुणाचा सल्ला असा, की उरलेल्या भोकांत लांबी भरा आणि रंग मारा, कळतंय कुणाला? मिस्त्री पहिल्यांदाच चिडले. "लांबी खरचटल्यावर लावायची, पोरा. भोकात भरायची नाही." मग आतून रेड ऑक्साइड, सांध्यांना सीलंट, आणि टाकीखालच्या पत्र्याला पाणी निघून जायला भोकं. नव्या कोऱ्या पत्र्याला मुद्दाम भोकं पाडताना पाहून नानांनी खुर्ची घडी केली.

दुसऱ्या दिवशी ते आले ते आपल्या जुन्या चेतकचं चेपलेलं कव्हर काखेत मारून.

"नाना," मी म्हटलं, "यात सरळ असं काहीच नाही."

"नसू द्या की. मिस्त्री उद्याबी येणारेत न्हवं?"

मागे गेटपाशी दुसरा एक जण पत्र्याची कोठी उचलून आत आणत होता.