मिनिटभरात मोड

१९७५ साली नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीवरचे धडे उतरले. आता तेवढा खटाटोप नको. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलला दाखवायचा, की दीक्षा ॲपवरच्या व्हिडिओत बी मिनिटभरात रुजतं. पोषण आहाराची मटकी शाळेतच असते म्हणा. पण ती भिजवून मोड आणायचे म्हणजे फडकं, पाणी आणि दोन दिवस थांबायची तयारी हवी. अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?

वाचनाचंही तेच. पडद्यावरची बाई गोष्ट इतकी सुरेख वाचते, की पोरांना तोंड उघडावंच लागत नाही. वीज गेली की विज्ञान आणि मराठी, दोन्ही तास एकदम सुटतात.

गुरुजी, व्हिडिओ जरूर दाखवा. फक्त मधेच थांबवून पोरांना विचारा, आता पुढे काय होईल?