चोवीस नंबरची कुंडली

नागपूरच्या सक्करदऱ्यात पत्ता सांगायचा तर चौक, तलाव, आयुर्वेद कॉलेज सगळं येतं. पिन कोड आठवतो तो फक्त फॉर्म भरताना : ४४००२४. त्याच्याकडे संख्या म्हणून कुणी पाहत नाही. पाहूही नये, कारण एकदा पाहिलं की संध्याकाळ त्यातच जाते.

हे पिन कोड प्रकरण सुरू झालं १५ ऑगस्ट १९७२ ला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. संस्कृतचे पंडित, पण नोकरीत टपालाचा हिशेब. सुरुवातीचे ४४० नागपूरचे, उरलेले २४ आमच्या पोस्टाचे.

अवयव पाडले तर ८, १३ आणि ४२३१ हाती येतात. ४२३१ मूळ संख्या, पुढे कशालाच दाद देत नाही. आता स्वतःला वगळून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज करा : ४४८६९६. म्हणजे अख्ख्या संख्येपेक्षा ८६७२ जास्त! अशा संख्येला गणितात विपुल म्हणतात. अंकांचे वर्ग मिळवत गेलं आणि शेवटी १ आला तर संख्या आनंदी. आमची मात्र ५२, २९, ८५ करत ८९ वर पोचते आणि पुढे किती फिरवली तरी पुन्हा ८९ वरच येते. थोडक्यात, विपुल पण दुःखी. शेजारच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “त्यात नवल काय बाप्पा? आमच्या लाइनीत सगळे तसेच हायेत.”

खरी गंमत द. रा. कापरेकरांच्या चष्म्यातून दिसते. डहाणूत जन्मलेले, देवळालीत शाळामास्तर राहिलेले हे गृहस्थ ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर गेले. पण आपल्याकडच्या विद्वानांना त्यांचं आकड्यांशी खेळणं पोरखेळ वाटायचं. १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचा बोलबाला झाला. त्यांची एक रीत अशी : संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. ४४०००८ घ्या. अंकांची बेरीज १६, मिळवले की ४४००२४. आता ४४०००८ हा तर लकडगंज-वर्धमाननगरचा पिन! म्हणजे कापरेकरी हिशेबानं सक्करदरा हे लकडगंजचं लेकरू. लाकडाच्या व्यापाऱ्यांना हे कळलं तर वारसाहक्काची भानगड नको. त्यात आमचा आणखी एक जनक निघतो : ४३९९९०. त्याच्या अंकांची बेरीज ३४, करून बघा. अशा दोन घरच्या संख्येला कापरेकरांनी जंक्शन म्हटलं. नागपुरात राहून आणखी काय व्हायचं होतं!

मग आजोबा शोधले. ४४०००० मध्ये ८ मिळवले की ४४०००८. या आजोबांच्या मागे मात्र कुणीच नाही. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून ते येत नाहीत. कापरेकरांच्या भाषेत स्वयंभू. इतका थोर माणूस, पण पोस्टानं त्याला एक पेटीही दिली नाही. जीपीओ थेट ४४०००१ पासून सुरू.