सर्व प्रश्न अनिवार्य
(शेहेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या होतकरूंसाठी गाईड)

सूचना : १. सर्व प्रश्न अनिवार्य आहेत. २. उजवीकडील अंक पूर्ण गुण दर्शवतात. घरकामाच्या उजवीकडे अंक नसतात. ३. पुरवणी मागितल्यास मिळेल. गरम पोळी मागितल्यास आपली आपण लाटून घ्यावी.

प्रकरण १ : प्रवेश

खिडकीशी गेलात की पहिला प्रश्न येतो, "मुलीचं नाव?" आपलं नाव सांगावं. पलीकडचा माणूस एकदा फॉर्मकडे आणि एकदा तुमच्याकडे बघतो. त्याला वेळ द्यावा. मला तर मागच्या मुलाने "काकू, पालक तिकडे बसलेत" असं अगदी मायेने सांगितलं होतं.

मग कागदपत्रं. माझी बी.ए.ची गुणपत्रिका १९९९ची, माहेरच्या नावाची. आधार कार्ड सासरच्या नावाचं. या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो पंचवीस वर्षांत कशालाच लागलेला नसतो, त्यामुळे तो कुठे आहे हे फक्त नवऱ्याला माहीत असतं, आणि नवऱ्याला माहीत नसतं.

यापुढचा कागद म्हणजे गॅप सर्टिफिकेट. मधल्या काळात आपण कुठेही शिकत नव्हतो, असं त्यात प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं असतं. मी दोन मुलं वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, तीन भाड्याची घरं बदलली, गाडी शिकले, इन्शुलिन टोचायला शिकले. कागदावर या सगळ्याला 'खंड' म्हणतात. वाद न घालता सही करावी. आता नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांची बँक आहे, तिथेही खातं उघडावं लागतं. त्यात आजवरच्या कणकेचे श्रेयांक जमा होत नाहीत. मी विचारलं होतं.

प्रकरण २ : वेळापत्रक

तरुण विद्यार्थी तासांत अभ्यास करतात. आपण शिट्ट्यांत करायचा. वरणभाताला तीन शिट्ट्या, म्हणजे दीड पान. राजम्याला सहा-सात, वर वाफ जिरेपर्यंतचा वेळ. म्हणून साहित्यशास्त्रासारखा जड विषय राजम्याच्या दिवशी घ्यावा. पोह्यांच्या दिवशी नुसती अनुक्रमणिका वाचून होते.

नोट्स फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावाव्यात. हाताला कणीक असताना पान उलटता येत नाही, तेव्हा एका कागदावर मावेल तेवढंच लिहावं. संक्षेपलेखनाचा याहून चांगला सराव नाही. लायब्ररीचं पुस्तक मात्र ओट्यापासून चार हात लांब ठेवावं. एका समीक्षाग्रंथाच्या पृष्ठ ११२ वर माझ्या अंगठ्याचा हळदीचा ठसा कायमचा उमटला आहे. पुढच्या पिढ्या त्याला आस्वादक समीक्षा समजतील.

घरातली कामं कमी होतील अशी आशा धरू नये. नळाला पाणी त्याच वेळी येतं, कचरावाल्या ताई त्याच वेळी येतात, सासूबाईंची बीपीची गोळी त्याच वेळी असते. तास अकराचा असेल तर साडेआठलाच घर 'सोडायला' सुरुवात करावी, म्हणजे सव्वादहाला खरोखर सुटतं.

प्रकरण ३ : वर्गात

बाक तिसरा धरावा. पहिल्या बाकावर बसलं की हुशारीचा संशय येतो आणि शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही. सर तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असतात. ते तुम्हाला 'मॅडम' म्हणतात, तुम्ही त्यांना 'सर', आणि पहिला आठवडाभर दोघंही एकमेकांसाठी उभे राहता.

मुलं आधी 'काकू' म्हणतात. डबा उघडला की 'ताई' होते. डब्यात चार थालीपिठं जास्त न्यावीत. मुलं पीडीएफ पाठवतात, 'असाइनमेंट उद्याच द्यायची आहे' हे रात्री साडेअकराला कळवतात आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये फोटो किती केबीचा लागतो ते सांगतात. थालीपिठाच्या बदल्यात हा सौदा स्वस्त आहे.

हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते. उरलेले पंचवीस टक्के आजारपण, बारशी आणि गॅस सिलिंडर यांना वाटून द्यावेत. सिलिंडरवाला सौंदर्यशास्त्राच्या तासालाच दारात येतो आणि फोनवर कोड मागतो. बाकाखाली मान घालून हळूच चार आकडे सांगावेत. माझा 'सात, दोन, दोन, नऊ' सरांनाही ऐकू गेला. त्यांनी फक्त "तुमच्याकडे लवकर आला," एवढंच म्हटलं.

प्रकरण ४ : परीक्षा

गेली पंचवीस वर्षं तुम्ही वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नसतं. अडीच-तीन तास सलग लिहायचं म्हणजे आधी बोटं तयार हवीत. रोज दोन पानं हाताने लिहावीत. पहिल्या पेपरात माझ्या उत्तराची सुरुवात सुबक होती आणि शेवट डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा.

हिवाळी परीक्षा बहुधा दिवाळीच्या अंगाला येऊन टेकते. अशा वर्षी चकल्या विकत आणाव्यात. आकाश कोसळत नाही. मी गॅलरीत जाऊन बघितलं.

प्रकरण ५ : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : आता या वयात कशाला?
उत्तर : संदर्भांसह द्यावं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती मोठ्या माणसांचीच होती. रमाबाई रानडे लग्नानंतर शिकल्या, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे खात शिकल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं ते थोरल्या बायकांनाही शिकता यावं म्हणून. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ पासून आजीबाईंची शाळा आहे, तिथे आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटीवर अक्षरं गिरवतात. एवढं सांगून होईपर्यंत विचारणाऱ्या वहिनींचा चहा संपलेला असतो. इतिहासाचा हा उपयोग पाठ्यपुस्तकात दिलेला नाही.

प्रश्न : पुढे नोकरी मिळणार का?
उत्तर : हा प्रश्न एकवीस वर्षांच्या मुलांनाही पडलेला आहे. त्यांना आधी विचारावं.

प्रकरण ६ : महत्त्वाचे (हमखास येते)

भाषाविज्ञानात स्वनिम शिकवतात. 'ताट' आणि 'थाट' यांत फरक एका हकाराचा, पण अर्थ पार बदलतो. म्हणून त आणि थ हे वेगळे स्वनिम. हे मला लगेच कळलं, कारण आमच्याकडे मी ताट वाढते आणि थाट दुसऱ्यांचा असतो.

त्याच तासाला सरांनी फळ्यावर 'जरा' लिहिलं. 'जवळ'मधला ज उच्चारला तर अर्थ थोडंसं. 'जीवन'मधला ज उच्चारला तर म्हातारपण. लिहिताना दोन्ही अगदी सारखे. वर्ग हसला, मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन मोजायला बसले. "जरा चहा टाक." "जरा दार बघ गं." "जरा माझा चार्जर दिसतोय का?" रात्री झोपेपर्यंत तेवीस. एकही काम मोठं नव्हतं. एकेकाला दोन मिनिटं धरा, पाऊण तास झाला. या जरा-जरातूनच पंचवीस वर्षांची ती दुसरी जरा येऊन ठेपते, आणि कुठल्या ज-पाशी उच्चार बदलला ते लक्षातही येत नाही.

म्हणून गाईडातला हा एकच धडा पाठ करावा : तो शब्द आपणही वापरायचा. "जरा थांबा, एवढं पान होऊ दे." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घरात शांतता पसरली. दुसऱ्यांदा सासूबाईंनी स्वतः उठून गॅस बंद केला. महिन्याभराने मुलाला चार्जर आपोआप दिसायला लागला. परवानगी कुणी दिली नव्हती, आणि कुणी मागितलीही नव्हती.

प्रवेशाचे फॉर्म दरवर्षी निघतात. विवाह नोंदणीचा दाखला आजच शोधायला घ्या. आमच्याकडे तो पैठणीच्या घडीत सापडला.