सोळाव्या दिवसाचे काय?

मनाई आदेश म्हणजे सार्वजनिक जागी माणसाने काय करू नये याची सरकारी यादी. ती काढण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ ने दिला आहे. सिंधुदुर्गात पोलीस आयुक्त नसल्याने तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. आदेश निघतो जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आणि करूळ घाटाच्या पायथ्याशी वैभववाडीत पोचतो तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नशीब असल्यास डबलबारीच्या जाहिरातीला खेटून.

यादीत कसूर नसते. सोटे, सुरे, काठ्या किंवा इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगू नये. दगड जमवू नयेत. जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये नकोत. सभ्यतेला बाधक हावभाव आणि सोंगे नकोत. बाधक काय, हे अधिकाऱ्याच्या मतावर. कंबरेच्या आकडीला कोयती लावून बागेत निघालेला शेतकरी पहिल्याच ओळीत सापडतो. गडगा घालणारा दगडांत अडकतो, भजनीबुवा गाण्यात, आणि दशावतारातला संकासूर एकटाच उरलेल्या साऱ्यांत. शिमग्यात तर अख्खा तालुका आरोपी व्हायचा.

तसे होत नाही. धार्मिक विधी, सण, लग्न व अंत्ययात्रा यांना आदेशातून बहुधा सूट असते. देवासाठी, नवऱ्यामुलासाठी आणि मेलेल्यासाठी हवे तितके जमावे. खड्ड्यांसाठी जमायचे तर आधी परवानगी काढावी. जमाव मोजायलाही आदेशात बहुधा पाचचा आकडा असतो. टपरीवर चौघे रस्त्याला शिव्या घालत असतील तर त्या गप्पा. पाचवा येऊन चहा सांगतो आणि कायद्याचा प्रश्न उभा राहतो. राज्यघटनेच्या कलम १९ ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे, पण त्यात चहाचा उल्लेख नाही.

जमावबंदीची मुदत पंधरा दिवस. जास्त हवी तर राज्य सरकारची मंजुरी लागते. अधिकार क्वचित वापरला जावा म्हणून ही अट. प्रशासनाने तिचा अर्थ एवढाच घेतला की सोळाव्या दिवशी तारीख बदलावी. कारण तेच: आगामी सण, मोर्चे, उपोषणे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसण्याचा प्रघात आहे, त्यामुळे झेंडावंदनाच्या सुमारास शांततेला विशेष धोका असतो.

अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले, की असे आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि रास्त तक्रार दडपायला ते वापरता येत नाहीत. पण तो निकाल काश्मीरबाबत आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ वर होता. आपला आकडा ३७ असल्याने निकाल दुसऱ्या कोणाला उद्देशून असावा, असा ओरोसला समज झाला असल्यास नवल नाही.

शस्त्रे आणि घोषणांबाबतचा आदेश मोडल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यादी एवढी लांब, की ती रोज कोणी ना कोणी मोडतोच. गुन्हा कोणावर नोंदवायचा हे मग पोलिसांच्या मर्जीवर. सोयीचे पडतात ते निवेदन घेऊन आलेले, कारण त्यांची नावे, सह्या आणि मोबाईल नंबर निवेदनाखाली त्यांनीच लिहून दिलेले असतात.